ऐकलंत का, वहिनी आयर्लंडहून आल्या!

अहो, या जरा कुंपणाजवळ. मोठ्यानं बोलायची सोय नाही. पलीकडच्या वहिनी आणि भाऊ आले की आयर्लंडहून! मुलगा डब्लिनला आहे ना, त्यानंच बोलावलं होतं, सगळा खर्च त्याचा. आणि आल्यापासून दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण... गोळी घेतलीत का, गॅस बंद कर, एवढंच.

मुलानं बेत आखला होता झकास. गाडी काढायची, गावं बघत बघत पश्चिम किनाऱ्याला लागायचं. वाइल्ड अटलांटिक वे म्हणतात त्या रस्त्याला, चांगला अडीच हजार किलोमीटरचा. त्यातला थोडा तरी आईबाबांना दाखवायचा. पण वहिनींचं माहेर मालवणाकडचं, ते तुम्हाला ठाऊकच. विमानतळावरच म्हणाल्या, "आधी डंगारव्हनला चल." मुलगा विचारतो, तिथं काय आहे? तर म्हणे, "आपल्या वराडकर डॉक्टरांची सासुरवाडी!"

अहो, लिओ वराडकरचे वडील हो! मूळ मालवण तालुक्यातल्या वराडचे. डॉक्टरकीसाठी इंग्लंडला गेले, तिथं नर्स मिरियमबाईंशी जमलं. त्या डंगारव्हनच्या, वॉटरफर्ड काउंटीतल्या. पुढं पोरगा २०१७ ला आयर्लंडचा पंतप्रधान झाला, अवघ्या ३८ व्या वर्षी. २०१९ च्या डिसेंबरात आई-वडील, बहिणी असं सगळं गणगोत घेऊन तो वराडला आला, तेव्हा वहिनी इथून माहेरी पळाल्या होत्या, विसरलात? लांबून दिसला म्हणे. त्या 'लांबून'वर आजवर किती चहा झालेत आपल्याकडे!

तर डंगारव्हनला समुद्राकाठी कॉटेज घेतलं. बाजारात वहिनींना मॅकरेल दिसला. "हा तर बांगडाच!" बॅगेत तिरफळं होतीच, त्या तिरफळांशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. केलं तिखलं. मिरची तेलात पडली मात्र, स्मोक अलार्म असा ठणाणा करायला लागला की मालकीणबाई धावत आल्या. सून ओशाळी झाली, सॉरी सॉरी म्हणायला लागली. पण वहिनी वहिनी आहेत. त्यांनी बशीच दिली बाईंच्या हातात, वर छाती काढून सांगतात, "लिओ वराडकर! माय व्हिलेज!" आता त्या बाईनं दोन शब्द गोड बोलावेत की नाही? नाक मुरडलं हो! म्हणाली, माझं मत नव्हतंच त्याला. वहिनींचा चेहरा हा एवढासा झाला. मी म्हटलं, अहो वहिनी, राजकारणातला माणूस तो. आपल्याकडच्या मेंबरला तरी सगळे कुठं चांगलं म्हणतात? लिओनं २०२४ ला पद सोडलंही. पण बशी रिकामी परत आली, हे वहिनींनी मला तीनदा सांगितलं.

तर काय सांगत होते... हां, भाऊ. भाऊंची सगळी नोकरी कोयना प्रकल्पाच्या पोफळीच्या पॉवर हाऊसमध्ये. मोहरचे कडे बघायला निघाले, तर वाटेत लिमरिक लागलं. भाऊंनी इथूनच वहीत लिहून नेलेलं, आर्डनाक्रुशा! शॅनन नदीवरचं वीजघर, १९२९ चं. देश नुकता स्वतंत्र झालेला, जर्मनांच्या सीमेन्स कंपनीनं बांधून दिलेलं. सुरुवातीला जवळजवळ अख्ख्या देशाला तिथूनच वीज जायची म्हणे. मुलगा म्हणाला, बाबा, पाच मिनिटं हं. भाऊ तिथंच रुजले. नदीचं पाणी बारा किलोमीटरच्या कालव्यानं आणलंय ते बघ, उंची किती मिळाली ते बघ... आणि क्षमता ऐकल्यावर तर मिशीतल्या मिशीत हसू. ८६ मेगावॅट! सुनेला सांगतात, "अगं, आमच्या चौथ्या टप्प्याचं एकटं मशीन २५० चं. सगळी मिळून १९६०!" सून बिचारी घड्याळ बघतेय. तिला मोहरला सूर्यास्ताचा फोटो हवा होता. तिकडं उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून धीर धरला होता तिनं. पोचले तर काय, धुकं! २१४ मीटरचा कडा, खाली अटलांटिक, आणि दिसतंय ते पांढरं. आपल्या ओझर्डे धबधब्याला ऑगस्टात दिसतं तेवढंच. सून जी गाडीत जाऊन बसली...

आणि पाऊस! वहिनींना भारी राग. त्या किनाऱ्याला वर्षाचा हजार-दीड हजार मिलिमीटर पडतो, त्याचं केवढं कौतुक! आपल्या कोयनेकडच्या नवजाला पाच हजार पडतो, तिथं कोण फोटो काढतं?

पण खरी गंमत पुढंच. मग जायचं होतं जायंट्स कॉजवेला. तो उत्तर आयर्लंडात, म्हणजे राज्य यूकेचं. आईबाबांच्या व्हिसावर बीआयव्हीएस असं छापलेलं होतं, त्या एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं. आणि मुलगा, तिथं नोकरी करणारा, टॅक्स भरणारा, त्याला यूकेचा वेगळा व्हिसा लागतो! सीमेवर ना नाका ना पोलीस, पण कायदा तो कायदा. पैसे मोजणारा डब्लिनला, आईबाप टूरच्या बसमध्ये! बस सुटताना त्याचं तोंड बघवेना म्हणे. मला तर हसूच आवरेना. वाईट आहे मी, पण काय करू.

तिथं समुद्रात दगडाचे चाळीसेक हजार खांब, बहुतेक सहा कोनांचे, जसे कुणी टाकीनं घडवलेत. गाईडनं सांगितलं, फिन मॅककूल नावाच्या राक्षसानं स्कॉटलंडला जायला ही वाट बांधली. वहिनींनी हात जोडलेसुद्धा, "रामसेतूच की!" तर भाऊ खेकसले, "कसला सेतू! बेसाल्ट आहे. लाव्हा निवताना आक्रसतो, तडकतो, त्याचे असे खांब होतात. मुंबईला अंधेरीत गिल्बर्ट हिल काय आहे मग? आमचं पोफळीचं पॉवर हाऊस याच काळ्या दगडात कोरलंय. आणि हा सहा कोटी वर्षांचा, आपला साडेसहा कोटींचा. आपला थोरला!"

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे एवढं तिकीट काढून मी कोयनेचा दगड बघायला आले होय?"

"आणि तू बांगडा खायला आलीस ते?"

बसभर माणसं. झालं, तेव्हापासून अबोला. मला विचाराल तर भाऊंनी चारचौघांत बोलायला नको होतं. दगडाचं खरं असलं तरी.

आता मुलगा म्हणतोय, पुढच्या वर्षी स्वित्झर्लंड. वहिनींनी लगेच मान डोलावली, बर्फ, सिनेमातली ठिकाणं, तिथं कुठलं पॉवर हाऊस मध्ये येतंय! भाऊ काल पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "ग्रांद दिक्सांस. २८५ मीटर उंचीचं काँक्रीटचं धरण आहे तिथं. आपलं कोयनेचं १०३." अहो, वहिनींच्या हातातलं उलथणं तसंच कढईवर... थांबा, थांबा, दार वाजलं त्यांचं. तुम्ही आपली कोथिंबीर मागायला आला होतात, काय?