सल्लागारसाहेब, एकदा एफ कॉर्ड धरून दाखवा!

परमआदरणीय सल्लागारसाहेब,



आमच्या वरोऱ्याच्या आनंदवनातल्या ‘स्वरानंदवन’ या वाद्यवृंदाचा कार्यक्रम ऐकून आमच्या पुतण्याने स्वतःच्या हाताने गिटार करायची ठरवली आणि नेमके त्याच उन्हाळ्यात आपले पाय आमच्या ओसरीला लागले. केवढे हे भाग्य! नाहीतर पोरगा साधीसुधी, वाजणारी गिटार करून बसला असता.

जुन्या घराच्या चौकटीचे सागवान त्याने आरामशीनवर चिरून आणले होते. इकडचे कितीतरी उन्हाळे-पावसाळे खाऊन मुरलेले लाकूड. आपण नाक मुरडलेत. पाठ आणि बाजू शिसवीच्याच हव्यात म्हणालात, आणि आपल्याच ओळखीने आलेली शिसवी ओली निघाली. आभारी आहोत. स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसने १८६२ साली पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. वरची फळी तेवढी अस्सल लावली, आणि ती गिटार वाजली. बिचाऱ्याला आपले मार्गदर्शन लाभले नाही.

पुढचे कोरडे दिवस आपल्या आज्ञेनुसार शिंपल्याच्या नक्षीत गेले. नक्षी सुरेखच झाली, शंका नाही. पाठ चिकटवायची वेळ आली तोवर आषाढ लागला होता. पावसात फुगलेले लाकूड वैशाखात आकसले आणि पाठीला इकडून तिकडे तडा गेला. चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो, ही क्षुल्लक बाब आपल्यासारख्या थोरांनी कशाला ध्यानात घ्यावी?

पोरगा गिटारीची मान बोल्टने बसवतो म्हणाला, तर आपण ‘ही काय खुर्ची आहे?’ म्हणून हसलात. टेलरसारखी नावाजलेली गिटार कंपनी बोल्टच वापरते, पण आपल्या शब्दापुढे ती कोण! डव्हटेलचा सांधा झाला, कोन किंचित चुकला आणि बाराव्या फ्रेटवर तारा ६ मिलिमीटर वर राहिल्या. अडीच-तीन असत्या तर पोराची बोटे वाचली असती. बोल्ट असता तर मान काढून, घासून, संध्याकाळपर्यंत परत बसली असती. आता सरस वाफेने सोडवत बसायचे.

साहेब, कारागिरीचा आम्हाला आदरच आहे, म्हणून तर जीव जळतो. ६५० मिलिमीटरच्या तारेवर पहिला फ्रेट साडेछत्तीसवर येतो. तिथे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की कान लगेच सांगतो. वरच्या फळीखालच्या पट्ट्या ७० किलोंच्या आसपास ताण पेलतात. त्या तासण्यात महिना गेला असता तरी आम्ही हूं की चूं केले नसते. पहिल्या गिटारीत हात तिथे घासायचा असतो. आपण तो शिंपल्यावर घासायला लावलात.

पोरगा तर्जनी आडवी टाकून एफ धरतो, तार खर्र करते, बोटावर लाल वळ उठतो. तरी तो आपल्याला नावे ठेवत नाही, ‘साहेब शिकलेले आहेत’ म्हणतो. म्हणून हे पत्र मी लिहितो आहे.

दुसरी गिटार सुरू आहे. चौकटीचेच उरलेले सागवान, बोल्टची मान, नक्षी नाही. पाठ होळीनंतर, कोरड्या हवेत चिकटवू. तोवर कृपा करून आपण नागपूरच्या अलीकडे येऊ नये.

आपला नम्र,
पोराचा काका