आधी सिलिंडर, मग बॉडी

असा एक इसम तुमच्याही सोसायटीत असणारच. लग्नाला गेला की जेवणाआधी हॉलचं मागचं दार बघून येतो, कुणाकडे वास्तुशांतीला गेला की यजमानांना सोडून बाथरूमच्या खिडकीचे गज मोजतो. आमच्या मावळातल्या वराळ्यातला नमुना बी विंगमध्ये राहतो. दिवसा एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला, आणि पहाटे पाच ते साडेसहा रहस्यकथाकार. आम्ही त्यांना लेखकराव म्हणतो. त्यांना ते कौतुक वाटतं.

खून करणं लेखकरावांना मुळीच जड जात नाही. गॅसवर चहाचं आधण ठेवतात आणि ते उकळायच्या आत एखाद्या उद्योगपतीला संपवून मोकळे होतात. घोडं अडतं ते पुढे. बॉडी टाकायची कुठे? ही विवंचना त्यांना बाराही महिने असते आणि भेटेल त्याच्या गळ्यात ते ती मारतात. परवा आमच्या पुतणीला बघायला मंडळी आली होती. कांदेपोहे हातात, मुलगा पगाराबद्दल आढेवेढे घेतोय, एवढ्यात हे दार ढकलून आत आले आणि म्हणाले, "तुमच्या माळ्यावर साडेपाच फुटी माणूस मावेल का हो? पाय दुमडून चालेल." पत्रिका जुळत नसल्याचा निरोप दुसऱ्या दिवशी आला.

मावळात बॉडीला जागा मिळू नये, हे त्यांचं जुनं दुःख. खंडाळ्याचा घाट त्यांच्या मते फार वापरून झाला. एक्सप्रेसवेवर कॅमेरे. भुशी धरणावर जुलैच्या रविवारी जिवंत माणसालाच पाय ठेवायला जागा नसते. इंद्रायणी दाराशी, पण उन्हाळ्यात पाणी नाही आणि पाणी असतं तेव्हा जलपर्णी इतकी, की बॉडी तळाला जाईलच याची खात्री नाही. एका पावसाळ्यात चिखलणी झालेल्या खाचराच्या बांधावर छत्री घेऊन उभे राहिले आणि आत राबणाऱ्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "मामा, या चिखलात एखादा माणूस गाडला तर किती दिवस कळणार नाही?"

मामांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "जिता हाय तवर धाडा की. आवणीला मानसं घावंनात."

घरी मात्र बॉडीचं कुणालाच काही वाटत नाही. किराणा, दूध, मुलीची फी, तशीच बॉडी. वहिनी जिन्यातून हाक मारतात, "अहो, आधी सिलिंडर लावा, मग बॉडीचं बघा!" शेजारी नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूंनी ही हाक पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते दोन दिवस आमच्याशीही बोलले नाहीत. मुलीने वडिलांना पालकसभेला यायला बंदी केली आहे. मागे एकदा त्यांनी विज्ञानाच्या बाईंना प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, असं विचारलं होतं.

लेखकरावांची तक्रार अशी, की संसारी माणसाने या धंद्यात पडूच नये. होम्स अविवाहित, पॉयरो अविवाहित. ब्योमकेश बक्षीने लग्न केलं खरं, पण त्याच्या हातात दळणाचा डबा मी तरी पाहिलेला नाही. अगाथा ख्रिस्तीबाईंचं उदाहरण त्यांनी स्वतःच एकदा काढलं आणि फसले. पहिल्या महायुद्धात बाई दवाखान्याच्या औषधालयात काम करत होत्या, तिथे विषांची माहिती झाली आणि १९२०च्या पहिल्याच कादंबरीत त्यांनी स्ट्रिक्नीन वापरलं, हे सांगून झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "त्यांना मूलही होतं ना लहान? मग?" त्यावर लेखकरावांनी १९२६चा डिसेंबर काढला. नवऱ्याशी बिनसल्यावर बाई अकरा दिवस गायब झाल्या होत्या, अख्खं इंग्लंड शोधत होतं आणि त्या हॅरोगेटच्या हॉटेलात सापडल्या. "अकरा दिवस मला मिळाले तर कादंबरी हातावेगळी करीन." वहिनींनी भाजी निवडता निवडताच परवानगी दिली. जाताना पाण्याच्या टाकीचा बॉल कॉक तेवढा बदलून जायचा होता.

बाबूराव अर्नाळकरांचा फोटो त्यांच्या टेबलावर असतो. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकही हजाराच्या पुढे गेले. झुंजार, काळा पहाड, कॅप्टन दीप ही नावं वाचनालयाच्या काउंटरवर घाईघाईने पुटपुटली जात. वडील नको म्हणत म्हणून पोरं अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचत, आणि वडील पोरं झोपली की तेच पुस्तक घेत. सुहास शिरवळकरांचा फिरोज इराणी हातात पडला की पुणे-लोणावळा प्रवासात कामशेत कधी गेलं ते कळायचं नाही. या माणसांनी मराठी माणसाला वाचायची सवय लावली आणि समीक्षकांनी त्यांना साहित्याच्या ओसरीवरसुद्धा फारसं बसू दिलं नाही. गंभीर कादंबरीत नायक साडेतीनशे पानं स्वतःला शोधतो आणि सापडत नाही, त्याचं कौतुक. रहस्यकथेत खुनी निदान सापडतो तरी! हे मत माझं. लेखकरावांना अशा वादात रस नाही. त्यांना बॉडी टाकायची असते.

सरकारनेही त्यांना कमी छळलेलं नाही. २०१८ साली पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय झालं. तळेगाव त्यात गेलं, वडगाव-लोणावळा पुणे ग्रामीणकडे राहिले. म्हणजे बॉडी वडगावच्या अंगाला जरा सरकली की तपास अधिकारीच बदलणार. त्यांनी एक तयार प्रेत तीन प्रकरणांतून उचलून पुन्हा अलीकडे आणलं. पुढे १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचं कलम ३०२चं १०३ झालं. अर्धी कादंबरी लिहून झालेली, इन्स्पेक्टरच्या तोंडी जागोजागी तीनशे दोन. वहिनींनाही हळहळ वाटली. "तीनशे दोन म्हटलं की कसं फासावर गेल्यासारखं वाटायचं. एकशे तीन म्हणजे ताप वाटतो."

या वहिनी पहिल्या वाचक. त्यांना खुनी विसाव्या पानावर कळतो, पण त्या सांगत नाहीत, लेखकाचं मन राखतात. चुका तेवढ्या काढतात. कोविडनंतर दुपारच्या लोकल बंद होत्या, त्याच काळातल्या कथेत यांचा खुनी दुपारी दीडच्या लोकलने तळेगावहून पसार झाला. वहिनींनी समासात लिहिलं, "बसलाय तो स्टेशनवर. पकडा." दुसऱ्या एका कथेत मयताच्या ताटात इंद्रायणीचा 'मोकळा, फडफडीत' भात होता. वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला तांदूळ, मावळातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे की तो मऊ, चिकटच होतो. वहिनी म्हणाल्या, "बॉडी कुठेही टाका, भात नीट शिजवा." तो चिकट भात पुढे पुरावा ठरला. शितं खुन्याच्या बाहीला चिकटलेली निघाली. पुस्तकावर नाव एकट्या लेखकरावांचं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे वडील गेले. इस्पितळात मी बरोबर होतो. कागदावर शेकड्याने पंचनामे केलेला हा माणूस काउंटरवर पेन हातात धरून उभा, सही कुठे करायची ते त्याला दिसेना. शववाहिनी, दाखला, गावाकडचे फोन, सगळं वहिनींनी केलं. शववाहिनीच्या माणसाने विचारलं, "बॉडी कुठे घ्यायची?" लेखकराव म्हणाले, "बॉडी नाही, दादा आहेत." आणि पुढे बसले.

त्यानंतर कित्येक महिने पहाटेचा दिवा लागला नाही. मला, खरं सांगायचं तर, चुकल्यासारखं व्हायला लागलं. माळ्याबद्दल कुणी काही विचारेना. मग एकदाची कादंबरी झाली. मी रात्रीत वाचली. आजीची पाटली चोरीला जाते आणि घरातलेच सगळे एकमेकांकडे बघायला लागतात, एवढीच गोष्ट. आजोबा मात्र सबंध पुस्तकभर झोपाळ्यावर बसून बोलत राहतात. खून नाही. त्यांनी आजवर लिहिलेल्यात इतकं चांगलं दुसरं काही नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. उगाच चढून बसतील.

प्रकाशकांचा फोन आला तेव्हा मी तिथेच चहा घेत होतो. स्पीकर चालू होता. "छान आहे, साहेब. पण बॉडी कुठे आहे?"

लेखकराव खिडकीबाहेर बघत राहिले. फोन वहिनींनी घेतला. पंधरा दिवसांत बॉडी मिळेल, म्हणाल्या, मानधन मात्र या वेळी आधी. फोन ठेवून त्या नवऱ्याकडे वळल्या. "आजोबांना हात लावायचा नाही. तो पाटलीवर पैसे देणारा सावकार आहे ना, त्याला घाला. आणि उठा, गिरणी बंद व्हायच्या आत दळण घेऊन या."