अंशकालीन सौंदर्यदृष्टी

कलाशिक्षणाविषयी आमचे सरकार उदासीन आहे, असा गिल्ला करणाऱ्यांनी 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची वाचलेली नसावी. कारण सहावी ते आठवीच्या पटावर शंभराहून अधिक मुले असतील, तर त्या शाळेस कलेसाठी निदेशक द्यावा, अशी तजवीज तीत आहे, आणि तो निदेशक अंशकालीन असावा, असेही दूरदृष्टीने नमूद केलेले आहे. पहिल्या शंभर मुलांची अभिरुची उपजतच शुद्ध असते आणि एकशे एकाव्याचा दाखला येताच ती बिघडू लागते, हे सूक्ष्म निरीक्षण कोणत्या सौंदर्यमीमांसकाचे, ते मात्र दप्तरी नमूद नाही.

पुढे 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यामध्ये भिंत नसावी, असे फर्माविले. आमच्या शाळांनी या हुकुमाची तामिली आगाऊच केलेली होती. सहामाही जवळ आली की गणिताच्या बाई विनामंजुरी चित्रकलेच्या तासात प्रवेश करतात, आणि मुक्त झालेले चित्रकलेचे मास्तर स्नेहसंमेलनाचा पडदा रंगविणे, बक्षीसपत्रांवर वळणदार नावे घालणे, शिक्षणाधिकाऱ्यांच्या वाटेवर रांगोळी रेखणे इत्यादी खऱ्या कलासेवेस लागतात. ज्या 1857 साली उत्तरेत बंडाचा वणवा पेटला, त्याच साली सर जमशेटजींच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा उघडली. पण बंड झाले तरी ते काही सहामाही परीक्षेइतके निकडीचे नव्हते.

पालकांच्या रसिकतेविषयी तर काय बोलावे! रेखाकला परीक्षेतील श्रेणीचे जादा गुण दहावीच्या बेरजेत पडू लागल्यापासून, ज्या घरांत भिंतीवर रेघ ओढल्याबद्दल कान पिळले जात, त्याच घरांत संकल्पचित्राची शिकवणी लागते, शास्त्रीय संगीताच्या प्रमाणपत्राची चौकशी होते, सात पिढ्यांत ज्यांनी संबळ पाहिला नाही, त्यांना एकाएकी लोककलेचा पुळका येतो; आणि इंटरमिजिएट पदरात पडताच रंगपेटी सन्मानपूर्वक माळ्यावर चढते.

परीक्षकांना आमची एकच नम्र दरखास्त आहे. स्मरणचित्रास बाजार, बसथांबा, पावसाळा हे विषय पुष्कळ झाले. यंदा 'चित्रकलेचा तास' द्यावा. मुले फळाभर वर्गसमीकरणे काढतील, आणि चित्र हुबेहूब असल्याने 'अ' श्रेणी नाकारणे कोणासही शक्य होणार नाही.