दहा टक्क्यांच्या आत

माणसाचा प्रामाणिकपणा मोजून देणारं यंत्र आपल्या देशात आलं आहे आणि ते व्यवस्थित चालू आहे, ही आनंदाची बातमी सामान्य वाचकापर्यंत अजून पोहोचलेली दिसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध विनियम काढले आणि उचलेगिरीचे स्तर ठरवून दिले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर ते किरकोळ, शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून आणा. साठपर्यंत गेलात तर वर्षभर तोंड दाखवू नका. साठच्याही वर असेल तर नोंदणीच रद्द. इतकी सुटसुटीत दंडसंहिता दुसऱ्या कुठल्या खात्याला अजून जमलेली नाही. उद्या ती रेल्वे पोलिसांनी स्वीकारली, तर लोकलमधला पाकीटमार शंभरातले दहाच रुपये काढून ताठ मानेने दादरला उतरेल.

याच विनियमांत आणखी एक रत्न आहे. सलग चौदा शब्दांपर्यंतचं साम्य सर्वसाधारण ज्ञान किंवा योगायोग समजून सोडून द्यायचं. चौदा विद्यांचा देश म्हणतात तो उगाच नव्हे. आमच्या ओळखीच्या एका विद्वानांनी यावर ताबडतोब संशोधन केलं (त्यांचं आजवरचं एकमेव स्वतंत्र संशोधन ते हेच) आणि पंधराव्या जागेसाठी 'तथापि' हा शब्द कायमचा राखून ठेवला. त्यांच्या प्रबंधात 'तथापि' ठरलेल्या अंतराने येतो, घाटातल्या मैलाच्या दगडासारखा. त्यामुळे काही ठिकाणी विधान उलटं झालं आहे, काही ठिकाणी शेतकरी कर्जबाजारी असून तथापि आत्महत्या करतो. पण ते कळायला प्रबंध वाचावा लागेल.

संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश यांना मोजणीतून सूट आहे. म्हणजे ऋणनिर्देश कुणाचाही उचला, यंत्र डोळा मिटून घेतं. एका संशोधिकेच्या प्रबंधात 'माझ्या पत्नीने घरची सर्व जबाबदारी एकहाती पेलली म्हणूनच' असं सुवाच्य अक्षरांत छापलेलं आम्ही स्वतः पाहिलं. बाईंचे यजमान शेजारीच उभे होते. घरची सर्व जबाबदारी त्यांनीच पेलली होती, त्यामुळे आशयाच्या दृष्टीने वाक्य बरोबर होतं.

मार्गदर्शकानेही प्रबंध वाङ्मयचौर्यमुक्त असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. पूर्वी मार्गदर्शकावर प्रबंध वाचण्याची पाळी यायची. शाईचे ठिपके, समासात 'कशावरून?', 'हे कुठून आलं?', 'पुन्हा लिही' असले अपमान व्हायचे. २०१९ पासून 'शोधशुद्धी' योजनेत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने विद्यापीठांना साम्य शोधणारं सॉफ्टवेअर पुरवलं आणि गुरुशिष्य दोघेही या जाचातून सुटले. आता संवाद असा होतो:

"मॅडम, चौथं प्रकरण बघितलंत का?"

"किती आलंय?"

"सत्तावीस."

"मग आत्ता बघून काय करू? आधी नऊवर आण."

"कसं आणू?"

"ते तुझं संशोधन."

मराठीतून संशोधन करणाऱ्यांचं भाग्य याबाबतीत थोर आहे. युनिकोड रुळायच्या आधी आपल्याकडचा मजकूर श्रीलिपी आणि तत्सम फॉन्टांत टाइप व्हायचा. पडद्यावर 'ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण' असं स्वच्छ दिसतं, पण यंत्राच्या पोटात जातात रोमन अक्षरं, कंस, टिंबं आणि उद्गारचिन्हं. असल्या मजकुराशी जुळणारं जगात काहीच सापडत नाही. साम्य शून्य. शून्य टक्के म्हणजे नुसतं निर्दोष नव्हे, अपूर्व. युनिकोड वापरा म्हणून कंठशोष करणाऱ्यांना हे संशोधक दाद का देत नाहीत, याचा उलगडा आम्हाला फार उशिरा झाला. इन्फ्लिबनेटनेच 'शोधगंगा' हे भांडार उघडून देशभरचे प्रबंध फुकट वाचायला ठेवले, ते चोरी उघड्यावर यावी या हेतूनेही. प्रत्यक्षात माल एका जागी मिळू लागला. आपला प्रबंध तिथे जाऊन पडला, की गंगेत घोडं न्हालं.

इंग्रजीवाल्यांना फॉन्टची ही सोय नाही. ते बिचारे शब्द बदलून देणारं सॉफ्टवेअर वापरतात. फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असले पिळवटलेले शब्दप्रयोग गोळा करून मांडले. त्यात 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं झालं होतं 'काउंटरफीट कॉन्शसनेस', 'बिग डेटा'चं 'कोलोसल इन्फर्मेशन' आणि 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बुझम पेरिल'. हे निबंध रस्त्यावरच्या पत्रकांत आले नव्हते, शास्त्रीय नियतकालिकांत रीतसर छापून आले होते. रीतसर म्हणजे लेखक, सहलेखक, परीक्षक, संपादक, मुद्रितशोधक एवढ्या सगळ्यांच्या हाताखालून. त्यातल्या एकाला तरी विचारावंसं वाटायला हवं होतं, की रुग्णाच्या वक्षःस्थळी आलेलं हे संकट म्हणजे नेमकं काय? पण विचारणार कोण? साम्य कमी होतं ना.

एवढ्या उंचीवर एकदम जाता येत नाही, पाया पदवीलाच घालावा लागतो. मुंबईच्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाला जो प्रकल्प द्यावा लागतो त्याला 'ब्लॅक बुक' म्हणतात. काळं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं, आत सर्टिफिकेट, डिक्लरेशन आणि रंगीत पाय चार्ट. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे ती तयारच मिळते.

"विषय काय?"

"लोकांची ऑनलाइन खरेदी."

"एरिया? ठाणे आहे, डोंबिवली आहे. विरार संपलं."

"वसई पाहिजे काका."

"ठाण्याचं वसई करून देतो. अर्धा तास बस."

अर्धा तासही लागत नाही. 'ठाणे' शोध आणि तिथे 'वसई' टाक, अशी एकच आज्ञा दिली की शंभर माणसांचा सर्व्हे सगळ्या मतांसह खाडी ओलांडून पश्चिम रेल्वेवर येतो. एका ब्लॅक बुकात शेवटी सूचना आली होती: 'फसवणूक झाल्यास ग्राहकाने जवळचे पोलीस वसई गाठावे.' परीक्षकांनी त्याच्यापुढे लाल शाईने बरोबरची खूण केली होती. तरीही एक गोष्ट झेरॉक्सवाल्याच्या बाजूने सांगायला हवी. या साखळीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ब्लॅक बुक उलटून बघणारा तो एकटाच, कारण त्याला पानांचे पैसे घ्यायचे असतात.

आणि झेरॉक्सवाला काही ऐरागैरा माणूस नव्हे. देशातल्या कॉपीराइटच्या एका मोठ्या खटल्यात प्रतिवादी तोच होता. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचं दुकान. प्राध्यापकांनी नेमून दिलेली प्रकरणं वेगवेगळ्या पुस्तकांतून झेरॉक्स करून, एकत्र बांधून हे दुकान विकायचं. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा ठोकला. अमर्त्य सेन हे स्वतः ऑक्सफर्डचे लेखक, पण त्यांनीही प्रकाशकांना पत्र लिहून नापसंती कळवली. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी निकाल दिला, की कॉपीराइट हा काही दैवी किंवा निसर्गदत्त हक्क नव्हे आणि शिकण्या-शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या नकलेला १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ ने मोकळीक दिली आहे. डिसेंबरात खंडपीठानेही हे सूत्र उचलून धरलं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

हा निकाल आम्हाला मनापासून आवडतो. (या सदरात काही मनापासून आवडण्याची पद्धत नाही, पण क्वचित होतं.) ज्या पुस्तकाची किंमत मुलाच्या खोलीभाड्याएवढी, त्यातलं एक प्रकरण त्याने झेरॉक्स करून वाचलं, तर लेखकाचं काही बुडत नाही, झाला तर एक वाचक वाढतो. कायद्याने फक्त एक भाबडी गोष्ट गृहीत धरली. झेरॉक्स काढणारा ती वाचेल.

इथे आमचा महाराष्ट्र आघाडीवर आहे. दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या, की परीक्षाकेंद्रांच्या परिसरातली झेरॉक्सची दुकानं बंद ठेवा, असे मनाई आदेश जिल्ह्याजिल्ह्यांत निघतात. कारण तिथे पुस्तकाची पानं बोटाच्या पेराएवढी करून मिळतात, मोज्यात मावतात. दिल्लीच्या न्यायालयाने ज्या यंत्राला शिक्षणाचं साधन मानलं, तेच यंत्र आमचे जिल्हाधिकारी परीक्षेपुरतं शस्त्रासारखं जमा करतात. दोघांचंही बरोबर आहे.

केंद्र सरकारने तर वाचनाची उरलीसुरली सबबही काढून घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली: तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना खुली. एवढ्या पैशांत वाचणारा माणूसही पुरवला असता तर बरं झालं असतं, पण योजनेत तशी तरतूद नाही.

मध्यंतरी एका महाविद्यालयात 'बौद्धिक संपदा: जाणीव व जागृती' या विषयावर परिसंवाद होता. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, वक्ते उभे राहिले. पडद्यावर पहिली स्लाइड आली: 'दुसऱ्याच्या निर्मितीचा आदर करा.' खाली उजव्या कोपऱ्यात फिकट करड्या अक्षरांत विंडोज आपली विनंती करत होतं: मला ॲक्टिव्हेट करा. तासभर वक्ते आदराविषयी बोलत होते आणि तासभर विंडोज नम्रपणे तेच सांगत होतं. समोरच्या रांगेत ज्यांच्या प्रबंधातली आकडेमोड क्रॅक केलेल्या एसपीएसएसवर झाली होती असे चार डॉक्टर बसले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही चहाच्या वेळी प्राचार्यांना म्हटलं, साहेब, केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात. कायदेशीर आहे, पैसाही पडत नाही. प्राचार्य समजूतदार गृहस्थ. ते म्हणाले, "अहो, तेही फुकट आणि हेही फुकट. मग बदलायचं कशाला?"

चॅटजीपीटी आल्यावर फार हलकल्लोळ झाला, त्यात आम्हाला विशेष दम वाटत नाही. ब्लॅक बुक घरबसल्या मिळू लागलं, एवढाच फरक. यंत्राने लिहिलेलं ओळखणारं यंत्र ओपनएआयने २०२३ च्या जानेवारीत काढलं आणि नेम फारच चुकतो म्हणून त्याच जुलैत मागे घेतलं. आपल्याकडे असं काही मागे घेण्याचा रिवाज नाही. एका मुलीने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या डोक्याने निबंध लिहिला, तर असल्याच एका यंत्राने तो यंत्राचा ठरवला. ती रडत सरांकडे गेली. सर म्हणाले, थोड्या चुका घाल, म्हणजे तुझा वाटेल. सरांनी निबंध हातात धरला होता. चार पानांचाच होता. वाचला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं कुणाचा आहे ते, पण तो अहवाल त्यांच्या सहीने वर जायचा होता, आणि उद्या काही झालंच तर 'सॉफ्टवेअरने सांगितलं' असं म्हणता येतं, 'मला वाटलं' असं म्हणता येत नाही.

म्हणून व्हायवा हा सोहळा आम्ही चुकवत नाही. परवा एका प्रबंधाच्या मौखिक परीक्षेला हजर होतो. बाहेरगावचे परीक्षक आले. टेबलावर साडेतीनशे पानी प्रबंध, त्यावर पाण्याची बाटली ठेवलेली.

"साम्य किती?"

"आठ टक्के, सर."

"उत्तम. मेहनत दिसते आहे. पुढे काय विचार?"

"कुठे जागा निघाली तर, सर."

"निघेल, निघेल."

टाळ्या झाल्या, फोटो झाले, उमेदवाराच्या खर्चाने जेवण झालं. पनीरच्या दोन भाज्या होत्या, अंगूर रबडी होती. मग कार्यालयातला क्लार्क प्रवासभत्त्याचा फॉर्म घेऊन आला. परीक्षकांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि दिवसात प्रथमच एक कागद ओळन् ओळ वाचायला घेतला. गाडीचं तिकीट पाहिलं, तारीख पडताळली, बेरीज बोटांवर पुन्हा केली. एका ओळीशी ते थांबले.

"स्टेशन ते विद्यापीठ सात किलोमीटर कुणी लिहिलं?"

"सर, मागच्या फॉर्मवरून उतरवलंय," क्लार्क म्हणाला.

"असं आंधळेपणाने उतरवायचं नसतं," परीक्षक म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने साडेआठ केले.