आधी स्टेपनी उतरवा

जून लागला की नवी मुंबईत लडाखचे वारे वाहू लागतात. खारघरच्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये थार सजायला लागते. टपावर कॅरियर, कॅरियरवर दिव्यांची ओळ, पुढे लोखंडी बंपर, काचेच्या बाजूने वर चढलेलं स्नॉर्केल. लाखभर रुपये सहज जातात. आणि मागच्या दाराला टांगलेली स्टेपनी मात्र गाडी घेतल्यापासून कुणी उतरवलेली नसते.

मला याचा राग येतो. इथून लेह जवळजवळ चोवीसशे किलोमीटर आहे आणि सोबत बायकामुलं असतात.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात पहाटे जाऊन पाहा. लांबच्या खेपेला निघालेला ट्रकवाला टॉमी घेऊन एकेक टायर ठोकत फिरतो. जोडचाकातला आतला टायर नीट दिसत नाही, म्हणून तो कानाने तपासायचा. हवा असली तर टणक आवाज येतो, नसली तर भद्द. खरी तयारी ही. तिला पैसा लागत नाही, वाकावं लागतं.

गेल्या पावसाळ्यात माळशेजच्या पायथ्याशी आमचं चाक बसलं. वर्कशॉपमध्ये हवेच्या गनने आवळलेले नट गाडीतल्या आखूड पान्याने हलेनात. एका टेम्पोवाल्याने लोखंडी पाइप दिला. तो पान्यावर चढवून दोघांनी जोर लावला, तेव्हा कुठे पहिला नट करकरला. म्हणून सांगतो, गाडीतलाच जॅक आणि गाडीतलाच पाना घेऊन घरी एकदा चाक बदला. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी ते रबर म्हातारं झालेलं असतं.

स्नॉर्केल इंजिनात पाणी जाऊ देत नाही, पण डिफरन्शियलचं काय? भरपावसात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी काढली की तापलेलं हाउसिंग गार पाण्यात बुडतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी ओढून घेते. खालचा नट सैल करून ऑइल बोटावर घ्या. दुधाळ दिसलं तर दिव्यांचे पैसे आधी तिकडे खर्च करा. कूलंटचंही तेच. मुंबईत कुणीतरी नुसतं पाणी ओतलेलं असतं आणि ते इथे चालून जातं. लेहच्या वाटेवर सरचू-पांगच्या रात्री पारा शून्याखाली गेला की तेच पाणी गोठून फुगतं आणि रेडिएटर फोडतं.

लोखंडी बंपर तर काढूनच टाका. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना बुल बारवर कारवाई करायला सांगितलं आहे. धडकेचा जोर शोषायला कंपनीने जी रचना केलेली असते, तिच्याच पुढे हे लोखंड येतं आणि एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेब चुकू शकतो. टपावरचं ओझंही उतरवा. वीस लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे वीस किलो. असे चार कॅन टपावर घेतलेली गाडी घाटाच्या वळणावर बाहेर झुकते.

हवेचं गणित मात्र बहुतेकांना माहीत नसतं. वाशीत भरलेले ३२ पीएसआय खारदुंग ला खिंडीत, साडेसतरा हजार फुटांवर, ३२ राहत नाहीत. तिथे बाहेरच्या हवेचा दाब जवळपास निम्मा असतो. गेज आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक मोजतो, म्हणून आकडा चढतो. थंडी त्यातला काही भाग खाली आणते, पण सगळा नाही. तेव्हा गेज जवळ ठेवा आणि सकाळी, चाकं गार असताना मोजा.

आमच्या इमारतीतला एक तरुण या रविवारी निघतोय. काल त्याला म्हटलं, आधी स्टेपनी उतरव. नट सुटायला वीस मिनिटं गेली. स्टेपनी खाली आली, कव्हर काढलं, गेज लावला. काटा चौदावर होता.