पामर

या माणसाशी हस्तांदोलन करायला जाऊ नये. त्याच्या उजव्या तळहातात बहुधा चौकट सत्ती असते, आणि ती तिथे आहे हे तुम्हाला कळू नये म्हणून तो गेली कित्येक वर्षं झटतो आहे. पत्ता असा तळहातात दडवण्याला जादूगारांच्या बोलीत पामिंग म्हणतात, म्हणून या माणसाला आपण पामर म्हणू. दिवसा तो बँकेत नाहीतर एखाद्या कंपनीच्या अकाउंट्समध्ये असतो, राहतो डोंबिवलीला किंवा कोथरूडला, आणि ‘पत्त्यांची जादू’ हा छंद त्याच्या लग्नाच्या बायोडेटातही होता. मुलीकडच्यांनी तो वाचून कौतुक केलं होतं. पत्ते म्हणजे रमी नव्हे, एवढ्यावरच ते खूश होते.

तुमच्याआमच्या लेखी पत्ता लपवला म्हणजे लपवला. पामराची खरी अडचण तिथून सुरू होते. कॅटवरचा पत्ता उचलायचा कसा? एका पद्धतीत उजवा हात कॅटवर छपरासारखा येतो आणि त्याच्या आडोशाने डावा हात पत्ता वर ढकलतो. दुसरी एकहाती. उजव्या हाताने कॅट धरलेला असतानाच करंगळी वरच्या पत्त्याच्या कोपऱ्यावर हलकेच दाब देते, पत्ता जरासा सरकतो आणि उसळून तळहातात येऊन बसतो. डावा हात मोकळा, खांदे ढिले, चेहरा निष्पाप. दिसायला फारच देखणी. पण जरा कमीजास्त दाब पडला की ‘टक्’ असा आवाज होतो. हा आवाज पामर झोपेतही ओळखतो. त्याच्या बायकोलाही आता तो ओळखू येतो, पण तिला कुणी विचारत नाही.

हे फक्त उचलण्याचं झालं. ठेवायचा कुठे, हा पुढचा वाद. रूढ जागा तळहातात तिरकी: एक कोपरा करंगळीच्या टोकाखाली आणि कर्णावरचा दुसरा अंगठ्याच्या मुळाशी. पत्ता किंचित वाकतो आणि हाताच्या घडीत मुरतो. पण त्यासाठी बोटं जुळलेली हवीत, नाहीतर फटीतून बदाम राणी डोकावते. बोटं मोकळी हवी असतील, तर जपानी जादूगार तेन्काईच्या नावाची पद्धत आहे. तीत पत्ता अंगठ्याच्या बेचक्यात पकडून मनगटाच्या दिशेने मागे ठेवायचा. समोरच्याला बोटं मोकळी दिसतात, शेजारच्याला मात्र सगळाच कारभार दिसतो. जुगाऱ्यांची म्हणून सांगतात ती पद्धत डाव्या हाताची. कॅट ज्या हातात असतो त्यातच पत्ता मागे राहतो, पण पाठीमागे कुणी उभं असता कामा नये. आणि शेवटी बॅक पाम, म्हणजे पत्ता हाताच्या पाठीमागे बोटांच्या कात्रीत धरून तळहात लख्ख रिकामा दाखवायचा. हॉवर्ड थर्स्टनने विसाव्या शतकाच्या आरंभी याच कसबावर रंगमंच गाजवले.

पण थर्स्टनला रंगमंच होता. प्रेक्षक समोर आणि मागे पडदा. पामराला मिळतो तो आपला हॉल. इथे काका सोफ्यावर, आजोबा दिवाणावर, मुलं जमिनीवर, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात, आणि एक चुलतभाऊ हमखास पाठीमागे, खिडकीच्या कट्ट्यावर. जादूच्या परदेशी पुस्तकांत ‘कोन सांभाळा’ असं लिहिलेलं असतं. मराठी हॉलमध्ये कोन हा प्रकारच नाही. नातेवाईक तीनशे साठ अंशांत असतात. म्हणून पामर प्रत्येक पद्धत घरोघरच्या नकाशावर तपासतो. ठाण्याच्या मावशीकडे तेन्काई चालेल, दादरला नाही. साताऱ्याला वाडा आहे, तिथे काहीच चालणार नाही, कारण माडीवरून दिसतं.

या सगळ्याचा वेद म्हणजे १९०२ साली शिकागोत छापलेलं ‘द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल’. लेखक एस. डब्ल्यू. एर्डनेस. आता हा एर्डनेस कोण, हे सव्वाशे वर्षं होत आली तरी नक्की ठरलेलं नाही. नाव उलटं वाचलं तर ई. एस. अँड्र्यूज होतं, एवढ्या धाग्यावर लोकांनी संशोधनात हयाती घालवल्या आहेत. पामराच्या मते पामिंगचा सर्वोच्च नमुना हाच, माणसाने स्वतःलाच तळहातात घेतलं. मला मात्र या गृहस्थाबद्दल आदर वाटतो तो प्रस्तावनेसाठी. आपल्याला पैशांची गरज आहे म्हणून पुस्तक लिहिलं, असं त्याने तिथे सरळ सांगून टाकलं आहे. आपल्याकडे पुस्तकं फक्त मित्रांच्या आग्रहास्तव निघतात.

एर्डनेस बालपणापासून घोकून पुढे त्यात स्वतःची भर घालणारा महापुरुष म्हणजे डाय व्हर्नन. १८९४ साली कॅनडात जन्मला, १९९२ साली गेला आणि उत्तरायुष्यात हॉलिवूडच्या ‘मॅजिक कॅसल’मध्ये बसून पिढ्या घडवल्या. सगळे त्याला प्रोफेसर म्हणत. त्याच्या शिकवणीचं सार एवढंच, की सहज राहा; रिकामा हात जसा दिसतो तसाच भरलेला हात दिसला पाहिजे. पामराला हे मनापासून पटलं. त्याने आरशासमोर सहजतेचा कसून सराव केला. भरलेला हात काही केल्या रिकाम्यासारखा दिसेना, तेव्हा त्याने रिकामा हात भरलेल्यासारखा धरायला सुरुवात केली. आता त्याची उजव्या हाताची बोटं कायम अर्धवट मिटलेली असतात, अंगठा जरा चिकटलेला. दोन्ही अवस्थांत हात तंतोतंत सारखा दिसतो. प्रोफेसरांची अट अक्षरशः पुरी झाली आहे. ऑफिसात कुणीतरी फिजिओथेरपिस्टचा नंबर दिला. सासूबाईंनी महानारायण तेलाची बाटली पाठवली.

तेल त्याने अर्थातच वापरलं नाही. हात हे त्याचं वाद्य आहे, आणि त्याचा सूर हवामानावर असतो. जूनमध्ये मुंबईत तळहाताला घाम येतो आणि पत्ता असा चिकटतो की सोडवायला पाणी लावावं लागेल. डिसेंबरात पुण्यात कातडी कोरडी पडते आणि पत्ता भर कार्यक्रमात निसटतो. मग लोशन कुठलं, किती आणि कार्यक्रमाच्या किती आधी, यावर विचार. त्यात पत्त्याचं माप. परदेशी पोकरचा पत्ता २.५ इंच रुंद, आपल्याकडे रमीला सर्रास मिळतो तो बहुधा २.२५ इंची. लहान हाताला हा पाव इंच वरदान आहे आणि पामराचा हात लहानच आहे. तरीही तो अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याकडून मोठे ‘बायसिकल’ पत्ते मागवतो. देशी पत्ता हाताला बसतो, पण मनाला बसत नाही.

सरावाचा जुना मंत्र असा, की पत्ता तळहातात ठेवून रोजची कामं करावीत, म्हणजे हात त्याला विसरतो. पामर भाजी घेतो ती किलवर नव्वी सांभाळून. लोकलमध्ये दांडी धरतो, लिफ्टचं बटण दाबतो. या ओघात त्याला एक शोध लागला, जो एर्डनेसला लागला नव्हता, कारण बिचाऱ्याला नमस्कार माहीत नव्हता. दोन्ही तळहात समोरासमोर जोडले की मधला पत्ता ब्रह्मदेवालाही दिसत नाही. तेव्हापासून पामर कमालीचा विनम्र झाला आहे. वॉचमनलाही हात जोडतो.

संस्कृतीने हात दिला तसा तिनेच दगाही दिला. सोसायटीतल्या सत्यनारायणाला तो असाच, उजव्या हातात इस्पिक राजा घेऊन गेला. नमस्कार उत्तम झाला. मग गुरुजी तीर्थाची पळी घेऊन समोर आले. तीर्थ घ्यायचं उजव्या तळहातावर, आणि तिथे तर राजा. पामराने डावा हात पुढे केला. गुरुजी थबकले. ‘उजवा,’ ते म्हणाले. पामर डावा हात पुढे करून उभाच. सभोवतालच्या सगळ्या काकू, आजी, सेक्रेटरी आणि त्यांची धाकटी मुलगी त्या डाव्या हाताकडे डोळे विस्फारून बघू लागल्या. उजव्याकडे एकाही माणसाचं लक्ष नव्हतं. लक्ष वळवण्याची कला म्हणजे याहून वेगळं काय असतं? तीर्थ मिळालं नाही, ‘शिकलेले असून असे’ हा शेरा मिळाला, आणि पामर त्या रात्री आनंदाने झोपू शकला नाही.

दुःख असं, की हा आनंद कुणाला सांगायचा? गायकाची तान श्रोते ऐकतात. पामराची तान कुणाला ऐकू आली की ती चुकली. काम फत्ते झालं, तर कुणालाच काही दिसलेलं नसतं. तेव्हा साक्षीदार लागतो. तो बायकोकडे जातो आणि म्हणतो, ‘आता बघ हं, काही दिसतंय का.’ ती मटार सोलत असते. मान वर न करता ‘दिसलं’ म्हणते. यावर तो विचार करत राहतो, की एकहाती सोडून पुन्हा दोनहातीकडे वळावं का. बायकोला दिसला तो मुळात प्रश्न, हे त्याला सुचत नाही. ‘बघ हं’ म्हटल्यावर माणूस हाताकडेच बघणार. ज्या क्षणी कुणी हाताकडे बघत नाही, त्या क्षणी कुठलीही पद्धत चालते. हे त्यानेच मला समजावून सांगितलं आहे, व्हर्ननचे दाखले देऊन. पटतंही त्याला. फक्त लागू करायचं राहून जातं.

आणि पत्ता परत ठेवायचाही राहून जातो. उचलण्यावर त्याने आयुष्य घातलं, परत करण्यावर रविवारची एक दुपारही नाही. त्यामुळे त्याच्या घरातल्या कुठल्याच कॅटमध्ये पूर्ण बावन्न पत्ते नाहीत. धुवायच्या शर्टांच्या खिशांतून बदामाचं सबंध घराणं निघालं आहे.

अखेर ठाण्याच्या मावशीकडे, भाचीच्या साखरपुड्याच्या संध्याकाळी, त्याला गळ घातली गेली. हॉल सोयीचा, पाठीमागे भिंत, हवा कोरडी. मावशीने पत्ता ओढला, बघितला, कॅटमध्ये ठेवला. पामराने अगदी ऐन क्षणी मावशीच्या सुनेला विचारलं, ‘वहिनी, चहा झाला का?’ सगळ्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या, आणि करंगळीने आपलं काम केलं. ‘टक्’ नाही, फट नाही, अंगठा सैल. एर्डनेस असता तर त्याने खरं नाव सांगितलं असतं. रिकामा दिसणारा हात संथपणे कोटाच्या आतल्या खिशात गेला आणि किलवर चौकी घेऊन बाहेर आला.

‘हाच ना मावशी, तुमचा पत्ता?’

मावशीने चष्मा वर केला, पत्ता हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

‘असेल बाबा. मी कुठे नीट बघितला होता? पण छान केलंस हो. आता ते कानातून रुपया काढतात ना, ते दाखव.’