बारा मिनिटांचा प्राणी

संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक सर राहतात. विद्यापीठात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवतात. कुठल्या, ते विचारू नका. विद्यापीठ ओळखू आलं तर पुढच्या वर्षीच्या यादीत सर दिसणार नाहीत आणि घरमालकाचा एक भाडेकरू जाईल.

परवा त्यांनी विभागाचं वार्तापत्र दाखवलं. ‘आमचे नवे शिक्षक’ या मथळ्याखाली त्यांचाच फोटो, हातात गुलाबाचं फूल. मी अभिनंदन केलं. सर म्हणाले, “नववं वर्ष आहे हो.” दरवर्षी नवी जाहिरात, नवी मुलाखत, नवा आदेश, त्यामुळे सरही दरवर्षी नवे. फोटो मात्र पहिल्या वर्षीचाच छापतात. त्यात केस आहेत. सापही वरचेवर कात टाकतो, पण त्यासाठी त्याला मूळ प्रमाणपत्रं आणि दोन साक्षांकित प्रती घेऊन रांगेत बसावं लागत नाही.

इथवर मी हसत होतो. मग सरांनी मानधनाचं बिल काढलं.

सरांची तासिका 48 मिनिटांची आणि बिल घड्याळी तासाचं, म्हणजे 60 मिनिटांचं. पाच तासिका शिकवा, चार तासांचे पैसे घ्या. आठवड्याला 15 तासिका झाल्या की कागदावर 12 तास उमटतात. मी तावातावाने म्हटलं, ही तर चोरी! सरांनीच मला समजावलं, “हिशेब बरोबर आहे. उरलेली 12 मिनिटं मी शिकवत नाही ना.”

मग त्या 12 मिनिटांत सर करतात काय? फळा पुसतात. चार पोरं गाठून शंका विचारतात. प्रयोगशाळेचं कुलूप उघडायचं, सूक्ष्मदर्शकाचा आरसा पुसायचा, कुणाच्या तरी रजेच्या अर्जावर सही आणायची. मिनिटाला 72 या हिशेबाने सरांच्या हृदयाचे तेवढ्यात 864 ठोके पडतात. पण लेखा विभागाच्या दृष्टीने तेवढा वेळ सर अस्तित्वातच नसतात. तास सुरू झाला की जन्म, घंटा झाली की मृत्यू, पुढच्या वर्गाच्या दारात पुनर्जन्म. दिवसाला तीन-चार वेळा मरून पुन्हा उभा राहणारा हा सस्तन प्राणी अजून कुठल्या पाठ्यपुस्तकात कसा आला नाही, याचं मला नवल वाटतं.

मेच्या सुट्टीत तर तो पुरताच नाहीसा होतो. उन्हाळ्यात बेडूक जमिनीत स्वतःला गाडून घेतो, त्याचा चयापचय मंदावतो आणि पहिल्या पावसाला तो वर येतो. सरांचंही तसंच, फरक इतकाच की बेडकाच्या दारावर एक तारखेला कुणी भाडं मागायला थाप मारत नाही. आणि याच मेमध्ये विभागात फळमाश्या असतात, कापसाच्या बोळ्याने तोंड बंद केलेल्या बाटल्यांत, मक्याचं पीठ आणि गुळाच्या लगद्यावर. अंड्यापासून माशी व्हायला 25 अंशांना साधारण दहा दिवस लागतात. म्हणजे सरांच्या नऊ वर्षांत तिथे माश्यांच्या अडीचशेवर पिढ्या उलटल्या आणि एकाही माशीला मुलाखत द्यावी लागली नाही. त्यांच्या पिठागुळाची तरतूद बाराही महिन्यांची आहे. खाणं वेळेवर बदललं नाही, संभाजीनगरचा उन्हाळा खोलीत शिरला, तर वाण मरतं. मग मे महिन्यात ते खाणं बदलायला कोण जातं? सर. कागदावर नसलेला माणूस कागदावर असलेल्या माशीला भरवायला भर दुपारी स्वतःचं पेट्रोल जाळत जातो!

आता मात्र मला हसू येत नाही. त्याच विभागात कायम नेमणुकीच्या सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच 57,700 रुपये. पात्रता तीच, पुस्तक तेच, पोरं तीच. पाहुण्या व्याख्यात्याला व्याख्यानामागे 1,500 आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 रुपये द्यावेत, असं पत्र 2019 साली दिल्लीहून निघालं. सरांपर्यंत ते आलेलं नाही. खरं तर रेल्वे स्टेशन उस्मानपुऱ्याहून जवळ आहे. आणि जागा भरल्या नाहीत की ‘विद्यार्थी येत नाहीत’ म्हणायचं, विद्यार्थी आले नाहीत की ‘जागा कशाला भरायच्या’ म्हणायचं, हे चक्र तर नायट्रोजनच्या चक्रापेक्षाही पक्कं आहे. त्यात कुठे गळती नाही. पदवीच्या वर्गातली बेडकांची चिरफाड 2014 साली बंद झाली. क्रूर म्हणून. टेबलं मात्र रिकामी राहिली नाहीत.

एवढं सगळं मी मोठ्या आवाजात बोललो. सरांनी वार्तापत्राची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली; आईला पाठवायचं म्हणाले. जिना चढताना मी विचारलं, “मग मेमध्ये गावाकडे जाऊन या की चार दिवस. नाही तरी तुम्ही इथे नसताच.”

“कसं जाणार?” सर म्हणाले. “माश्या आहेत ना.”